‘जेवलीस का?’ एवढेच मला विचारता येते, लेकीला मात्र वेगळे काही ऐकायचे आहे

राजगिरा (न्यू जर्सी)

नमस्कार. हा प्रश्न इथे मांडावा की नाही, या विचारात दोन आठवडे गेले. घरातली गोष्ट चारचौघांत नेऊ नये, असे शिकवणाऱ्या घरात मी वाढले आहे. पण ज्यांना विचारावे अशी माणसे इथे जवळ नाहीत, आणि पुण्याला फोन करून आईला हे सांगितले तर ती रात्रभर जागी राहील, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही एडिसनजवळ राहतो. नवऱ्याच्या एच-१बी, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर २००४ साली आलो. मी पुण्यात एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. इथे मात्र एच-४ व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करण्याची परवानगी नव्हती. २०१५ च्या मे महिन्यात काही जणींना कामाचे परवाने मिळू लागले, तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. म्हणजे तिच्या आयुष्याची पहिली नऊ वर्षे माझ्याजवळ तिच्याशिवाय दुसरे काम नव्हते. तिचा डबा, तिचा अभ्यास, तिचा पोहण्याचा वर्ग आणि तिचा खोकला हाच माझा दिवस असे.

ती आता एकोणीस वर्षांची असून दोन तासांच्या अंतरावरच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली होती. तिसऱ्या दिवशी रात्री मी तिच्या टेबलावर सोललेल्या डाळिंबाची वाटी ठेवली आणि नेहमीप्रमाणे विचारले, “ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं काय चाललंय? परीक्षा कधी आहे?” ती एकदम रडू लागली. म्हणाली, “तुला माझे मार्क माहीत असतात, मी माहीत नसते. माझ्या रूममेटची आई रोज फोन ठेवताना ‘लव्ह यू’ म्हणते. तू मला आजपर्यंत एकदा तरी म्हणालीस?” मी गांगरून म्हटले, “अगं, ते काय बोलून दाखवायचं असतं का?” याहून वाईट उत्तर मला देता आले नसते, हे तिच्या चेहऱ्यावरून लगेच कळले.

खरे सांगायचे तर मार्कही मला माहीत नसतात. इथल्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे मूल महाविद्यालयात गेले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो. फी आम्ही भरतो, पण गुणपत्रक मागायचे झाले तर लेकीकडेच मागावे लागते, आणि मग तेच मागणे तिला पहारा वाटते.

ती परत निघाली तेव्हा नवऱ्याने थंडीत उभे राहून तिच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा तपासली, काच पुसायचे पाणी भरले आणि “पोहोचलीस की मेसेज कर” एवढे म्हणून तो आत आला. त्यानंतर पाऊण तास तो खिडकीजवळच उभा होता. तिने हे पाहिले नाही.

मी स्वयंपाकघरात एकटीने “माझं तुझ्यावर प्रेम आहे” असे मोठ्याने म्हणून पाहिले. नाटकातली नायिका पहिल्या अंकाच्या शेवटी म्हणते तसे ते वाटले. इंग्रजीत म्हणून पाहिले, तर दुसऱ्या कोणाचा तरी कोट अंगात घातल्यासारखे झाले. आमची भाषाच अपुरी आहे, की आम्हीच? ज्यांची मुले इथे वाढली, आणि जी मुले इथे वाढून आता मोठी झाली, त्यांनी कृपया लिहावे.

जुना_पाहुणा (मिशिगन)

राजगिराताई, मी ऐंशीच्या घरात आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबले तर क्षमा करावी.

भाषा अपुरी नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आपल्यासाठी उघडली. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जणांचा कोटा होता. नवी व्यवस्था १९६८ च्या जुलैपासून पूर्णपणे लागू झाली, आणि तीन वर्षांनी मी डेट्रॉइटजवळ शिकायला आलो. फोन करायचा तर कॉल नोंदवून तास न् तास ताटकळावे लागे आणि मग दर मिनिटाला छातीत धडकी भरे, म्हणून सगळा संसार निळ्या एरोग्रामवर चाले. माझे वडील मिरजेला शाळामास्तर होते. त्यांचे पत्र दर पंधरा दिवसांनी येई. वर ‘चि. … यास अनेक उत्तम आशीर्वाद’, मग पाऊसपाणी, ज्वारीचा भाव, कोण गेले, कोणाचे जमले, आणि शेवटी, कागद संपत आला की कडेने उभ्या ओळीत, ‘थंडीत कानटोपी घालीत जावी. रात्री उपाशी निजू नये. कळावे.’

तेच वडील परक्या माणसाला पत्र लिहीत, तेव्हा ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ असा शेवट करीत. याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. लोभ मागायचा तो परक्याकडे, कारण तो असेलच याची खात्री नसते. पोटच्या पोराकडे लोभ मागायचा किंवा त्याला तो कळवायचा म्हणजे त्याविषयी शंका आहे असे कबूल करणे, अशी त्या पिढीची समजूत होती. म्हणून माझ्या वाट्याला कानटोपी आली. मला ती वाचता येत होती, कारण मी मिरजेत वाढलो होतो.

माझा मुलगा मिशिगनमध्ये वाढला. त्याला कानटोपी म्हणजे फक्त कानटोपीच दिसली.

आता माझी चूक सांगतो. घरी पाहुणे आले आणि कोणी मुलाचे कौतुक केले की मी चटकन म्हणत असे, “छे हो, काही विशेष नाही, ठीकठाक आहे.” माझी आई आमचे कौतुक झाले की मीठमोहऱ्या ओवाळून टाकी, माझ्याकडे मीठमोहऱ्या नव्हत्या, म्हणून मी शब्दांनीच त्याची दृष्ट काढत होतो. पोरगा दाराशी उभा राहून ऐकत असे. तो चाळीस वर्षांचा झाल्यावर एकदा मला म्हणाला, “बाबा, मी ठीकठाक आहे असंच मला वाटत आलंय. विद्यापीठात पहिला आलो तेव्हासुद्धा.” मी त्याला दृष्टीची गोष्ट समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतली. पण समजणे वेगळे आणि तीस वर्षे आत बसलेले निघून जाणे वेगळे.

तो आता दर रविवारी फोन ठेवताना ‘लव्ह यू’ म्हणतो. पहिली काही वर्षे मी “बरं, ठेवतो” असे उत्तर देत होतो. गेल्या वर्षीपासून “हो, मीही” म्हणू लागलो आहे. ही बाजूला बसून हसते. हसू दे.

अर्धीमुर्धी (कॅलिफोर्निया)

काकू, मी तुमच्या लेकीच्या बाजूने बोलणार आहे, तेव्हा आधीच नमस्कार करते. माझा जन्म सॅन होजेचा, वय तेहतीस. माझे मराठी रविवारच्या मराठी शाळेतले आहे, आणि हे लिहून झाल्यावर मावशीकडून तपासून घेतले आहे. त्यामुळे भाषा तिची आणि राग माझा, असे समजून वाचावे.

त्या शाळेत आम्हाला आज्ञार्थ शिकवला, तेव्हा बाईंनी विचारले की घरातली आज्ञार्थी वाक्ये सांगा. सगळ्या वर्गाचे हात वर गेले. स्वेटर घाल, दूध संपव, हळू चालव, पोहोचल्यावर फोन कर, लवकर झोप, आजीशी बोल. मग बाईंनी विधानार्थी वाक्ये मागितली आणि वर्ग गप्प झाला. त्या वेळी आम्ही खूप हसलो होतो. पण माझ्या अमेरिकन मैत्रिणीच्या घरी प्रेम विधानार्थी वाक्यात राहते आणि आमच्या घरी ते आज्ञार्थात आणि प्रश्नार्थात राहते, एवढाच तो फरक असतो, हे मला पुढे पंचविशीत कळले. विधान ऐकले की मूल निवांत होते. आज्ञा ऐकली की मूल कामाला लागते. तुमच्या लेकीला निवांत व्हायचे होते.

आता रागाचा भाग. मी महाविद्यालयात असताना साताऱ्याचे माझे आजोबा गेले. माझी सत्रपरीक्षा चालू होती. बाबा “ऑफिसच्या कामाला जातोय” असे मला फोनवर सांगून साताऱ्याला गेले, दहावा करून परत आले, आणि माझा शेवटचा पेपर झाल्यावर आईने मला सांगितले. मी तेव्हा ओरडले नाही, रडलेही नाही, फक्त आजोबा किती तारखेला गेले ते विचारले. त्या तारखेला मी काय करत होते ते आठवायचा प्रयत्न केला, तर मी मैत्रिणींबरोबर पिझ्झा खात होते. आईबाबांच्या मनात, माझ्या वाट्याचे दुःख त्यांनी दोन आठवडे स्वतःच्या डोक्यावर वाहिले होते, आणि त्यांना यापेक्षा मोठे प्रेम ठाऊक नव्हते. माझ्या मनात, त्यांनी मला माझ्या आजोबांच्या मरणापासून दूर ठेवले होते. ही दोन्ही खरी आहेत. बारा वर्षे झाली तरी त्यातले एक खोडून दुसरे लिहिणे मला जमलेले नाही.

पण गंमत अशी की मीही तेच शिकले. पुढच्याच वर्षी माझे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले आणि मी घरी कळवले नाही. इथे अठरा वर्षे पूर्ण झाली की रुग्णालय तुमच्या संमतीशिवाय आईवडिलांना काही सांगत नाही. टाके निघाल्यावर मी सहज सांगितल्यासारखे सांगितले. आई म्हणाली, “एवढं परकं केलंस आम्हाला?” आणि मी मनात म्हटले की परके नाही केले, अगदी तुमच्यासारखे केले.

म्हणून काकू, एक गोष्ट लक्षात घ्या. आम्ही मुलेही तुमच्याच भाषेत तुमच्यावर प्रेम करतो, आणि तुम्हालाही ते दिसत नाही. नऊ वर्षांची असताना मी विमा कंपनीशी फोनवर बोलत असे, कारण पलीकडच्या माणसाला आईचे उच्चार कळत नसत आणि तो तिला पुन्हा पुन्हा आडनाव विचारी. तिचा आवाज बारीक होत गेलेला मला सहन होत नसे. बाबांच्या कार्यालयातल्या पार्टीला आई साडी नेसून गेली आणि कोणीतरी काहीतरी बोलले, ते मी तिला कधी सांगितले नाही. मी संगणकशास्त्र निवडले, तेव्हा ते मला आवडत होते का, हे मला आजही ठरवता येत नाही. हे सगळे कोणी प्रेमाच्या खात्यात जमा केले नाही. “गुणी आहे” म्हणाले, आणि ते पाहुण्यांसमोर नव्हे.

डाळिंब सोलायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, आणि तुमच्या लेकीलाही ठाऊक आहे. पण तिने प्रश्न विचारला होता, आणि प्रश्नाचे उत्तर डाळिंब देऊ शकत नाही. ‘आमच्यात असं बोलत नाहीत’ हे वाक्य कृपया वापरू नका. आमच्यात पुष्कळ काही बोलतात. शेजारच्या मुलाला किती गुण मिळाले हे बोलतात, वजन वाढले हे बोलतात, रंग काळवंडला हेसुद्धा बोलतात.

मीठमोहरी (अमरावती)

यात अमेरिकेचा संबंध कुठे येतो, हे मला समजले नाही. माझा मुलगा अमरावतीतच वाढला आणि मी त्याला आजपर्यंत ‘प्रेम आहे’ असे सांगितलेले नाही, त्यानेही विचारले नाही. हा पिढीचा फरक आहे. आजकाल सगळ्यांना सगळे बोलून हवे असते.

जुना_पाहुणा (मिशिगन)

मीठमोहरीताई, संबंध येतो. तुमच्या मुलाला तुम्ही रागावलात की संध्याकाळी कोणीतरी, म्हणजे आजी, आत्या, नाहीतर शेजारच्या काकू, त्याला जवळ घेऊन सांगत असणार, “अरे, तुझी आई काल तुझंच कौतुक करत होती, तुझ्या आवडीचे म्हणून सकाळपासून उकडीचे करत बसलीय.” आपल्याकडे माया तोंडावर सांगत नसत, ती तिसऱ्या माणसाकरवी पोहोचती करीत. वडील आईजवळ बोलत, आई आजीजवळ, आणि आजी मुलाजवळ. मला माझ्या वडिलांचा अभिमान कळला तो धाकट्या काकांकडून. माझी पत्रे ते शाळेत शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवीत, असे काकांनी मला ते गेल्यानंतर सांगितले.

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मसाले आणले, देव आणले, तानपुरासुद्धा आणला. हा तिसरा माणूस मात्र मागे राहिला. तीन बेडरूमच्या घरात आईबाप आणि दोन मुले, आणि निरोप नेणारे कोणी नाही. आम्ही पूर्वीसारखेच अर्धे वाक्य बोलत राहिलो आणि उरलेले अर्धे पोहोचवायला कोणी नव्हते.

पाटीपेन्सिल (बेल्व्यू, वॉशिंग्टन)

मी गेली पंधरा वर्षे इथल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मराठी, तेलुगू, चिनी, कोरियन, व्हिएतनामी अशी सगळी असतात, आणि राजगिरा यांनी लिहिलेला प्रसंग मी निरनिराळ्या भाषांत इतक्या वेळा ऐकला आहे की वाटीतले फळ तेवढे बदलते. ‘जेवलास का’ हा प्रश्न कोरियन घरातही मायेने विचारला जातो, आणि चिनी माणसे तर पूर्वीपासून एकमेकांची खुशाली त्याच प्रश्नाने विचारत आली आहेत. उपासमार पाहिलेल्या समाजांत हा प्रश्न साधा नसतो, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

एक जुने संशोधन इथे उपयोगी पडेल. १९६० च्या दशकात डायना बॉमरिंड यांनी बर्कलीत पालकत्वाच्या पद्धतींची जी वर्गवारी केली, तिच्यात आपल्यासारखे बरेचसे आईबाप ‘हुकूमशाही’ वर्गात जाऊन पडतात. १९९४ साली रूथ चाओ या संशोधिकेने लहान मुलांच्या चिनी स्थलांतरित आणि गोऱ्या अमेरिकन मातांची तुलना करून दाखवले की ही वर्गवारी चिनी घरांना नीट लागू पडत नाही. त्यांनी ‘ग्वान’ या चिनी शब्दाकडे लक्ष वेधले. त्या शब्दाचा अर्थ ताबा ठेवणे, नियमन करणे असा आहे, आणि त्याच शब्दात काळजी घेणे, माया करणे हाही अर्थ आहे. मला तो वाचताना आपला ‘सांभाळणे’ आठवतो. आपण मूल सांभाळतो, दुकान सांभाळतो, तोल सांभाळतो आणि जिभेलाही सांभाळतो; लक्ष ठेवणे आणि जीव लावणे यांत तो शब्द भेद करत नाही.

मात्र अर्धीमुर्धी यांच्याशी मी सहमत आहे. ‘ग्वान’ने आईचा हेतू समजतो, मुलीला झालेली इजा त्याने कमी होत नाही. पालकांच्या बैठकीत हे संशोधन सांगितले की काही वडील सुटका झाल्यासारखे खुर्चीत मागे रेलतात, तेव्हा मला थोडी भीती वाटते.

शिवाय आपण एक गोष्ट विसरतो. पालकांच्या ‘अभ्यास कर’मध्ये माया असते तशी भीतीही असते, आणि ती भीती इथल्या कायद्याने निर्माण केलेली आहे. रोजगारावर मिळणाऱ्या हिरव्या कार्डांना (कायम राहण्याच्या परवान्यांना) प्रत्येक देशासाठी ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षे लांबते. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि ही सवलतही २०१७ पासूनची आहे. भारतात जन्मलेले मूल रांगेतच एकवीस वर्षांचे झाले तर बऱ्याचदा आईवडिलांच्या अर्जातून गळते आणि त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. अशा घरात वडील रात्री जेवताना गणिताच्या गुणांवरून चिडतात, तेव्हा ते गणितावरून चिडलेले नसतात. पण मुलाला कोणी हे सांगितलेले नसते. ‘मुलांच्या डोक्याला कशाला ताप’ म्हणून त्याच्यापासून लपवलेले असते. म्हणजे माया म्हणून लपवले, आणि जे उरले ते फक्त चिडणे.

राजगिरा, तुम्ही ‘लव्ह यू’ म्हणण्याचा सराव करू नका असे मी म्हणत नाही. जमले तर म्हणा, त्याने बिघडत काही नाही. परंतु मी माझ्याकडे येणाऱ्या आयांना याहून सोपे काम देते. आज्ञा द्यायचीच असेल तर द्या, पण तिच्यामागे कारण जोडा, आणि ते कारण स्वतःचे असू द्या. ‘स्वेटर घाल, नाहीतर आजारी पडशील’ हे कारण मुलाचे झाले. ‘स्वेटर घाल, तू खोकलीस की मला तू दोन वर्षांची असतानाची ती रात्र आठवते’ हे तुमचे झाले. दुसरे असे की दिवसातून एक तरी प्रश्न असा विचारा की ज्याच्या उत्तराला गुण देता येणार नाहीत. आणि तुम्ही नऊ वर्षे घरी होता, शिकवणे सुटले, हे तुमच्या लेकीला तुमच्या तोंडून ठाऊक आहे का? उपकार म्हणून ऐकवू नका; गोष्ट म्हणून सांगा. उपकार ऐकला की मूल परतफेडीचा हिशेब करू लागते.

अर्धीमुर्धी (कॅलिफोर्निया)

‘परतफेडीचा हिशेब’ हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ बाहेर फिरून आले.

राजगिरा (न्यू जर्सी)

सर्वांचे आभार. (घरात ‘आभार’ म्हटले तर परके वाटते, इथे म्हणायला हरकत नसावी.)

आठ दिवसांनी लिहिते आहे. रविवारी मी तिला फोन केला आणि गुण नसलेला प्रश्न विचारायचा असे ठरवून रूममेटविषयी विचारले. ती आधी संशयाने म्हणाली, “का?” मग हळूहळू बोलू लागली आणि पंचेचाळीस मिनिटे बोलत राहिली. रूममेटची आई रोज ‘लव्ह यू’ म्हणते, पण तिच्या वडिलांशी गेल्या वर्षापासून तिचे बोलणेच नाही, हे मला तेव्हा कळले. बोलता बोलता माझ्या लेकीने असेही सांगून टाकले की ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा विषय तिने ऑक्टोबरमध्येच सोडून दिला आहे. मी रसायनशास्त्राची शिक्षिका. त्या रात्री मी वाटी ठेवून जे विचारले, ते तिला कुठे लागले असेल, हे मला त्या क्षणी समजले.

मी “बरं” म्हणाले. हे मोठेच यश होते. त्यानंतर चार सेकंदांनी माझ्या तोंडून गेले, “मग पुढच्या सत्रात घेणार आहेस ना?” ती म्हणाली, “आई!” आणि मी म्हणाले, “राहू दे, राहू दे.” पाटीपेन्सिल यांनी याला किती गुण दिले असते, ठाऊक नाही.

जुना पाहुणा यांचे ‘तिसरा माणूस’ नवऱ्याला वाचून दाखवले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कळले की त्याने लेकीला फोन करून सांगितले होते, “तू गेल्यावर तुझी आई दोन दिवस तुझ्या खोलीत झोपली.” हे मी त्याला सांगू नकोस असे बजावले होते. मग मीही तिला खिडकीतला पाऊण तास सांगून टाकला. सध्या आमच्या घरात आम्ही दोघेच एकमेकांची चहाडी करतो आहोत.

नऊ वर्षांची गोष्ट मात्र फोनवर सांगता आली नाही. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ती उपकार ऐकवल्यासारखीच होऊ लागली, म्हणून थांबले. ती वीस तारखेला हिवाळ्याच्या सुट्टीसाठी येते आहे. मी ती गोष्ट कागदावर लिहून काढली आहे, वर ‘चि.’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ घालून. तिला देवनागरी सावकाश वाचता येते, जोडाक्षरांपाशी अडखळते, म्हणून अक्षर मोठे काढले आहे आणि शक्य तिथे सोपे शब्द वापरले आहेत. चार पाने झाली. तोंडाने सांगता आले नाही तर डाळिंबाच्या वाटीखाली ठेवीन.